ठमाबायची हाक

फार वर्षांपूर्वी, खाडी आजच्यापेक्षा रुंद होती आणि भरतीला मासे थेट अंगणात डोकावून जायचे, तेव्हाची ही गोष्ट. शेवरेखार गावात ठमाबाय नावाची बाई राहायची. दिसायला चारचौघींसारखी, पण आवाज असा, की तिने आपल्या कोंबड्यांना हाक मारली तर पलीकडच्या काठावरच्या कोंबड्याही माना वर करायच्या, असं म्हणतात.

या गावाची सगळी शेती एका मातीच्या बांधाच्या भरवशावर. अलीकडे भात, पलीकडे खारं पाणी, आणि मधे हा बांध. तो फुटून भगदाड पडलं की त्याला तिथे खांड म्हणतात. एका हिवाळ्यात अशी मोठी खांड पडली, ती नेमकी ठमाबायच्या शेतासमोर.

ते शेत तिचं सर्वस्व होतं. तिच्या नवऱ्याने, पोशाने, ती खारी जमीन वर्षानुवर्षं पावसाच्या पाण्याने धुऊन गोडी केली होती, आणि तिथे पहिलं पीक डोलायला लागलं त्याच साली तो गेला. शेतात पाय टाकला की ठमाबायला वाटायचं, इथेच कुठेतरी तो वाकून तण काढतोय. शिमग्याच्या पुनवेला मोठं उधाण यायचं. तोवर खांड बुजली नाही तर सगळं शिवार खारं होणार, गाव उठून दुसरीकडे जाणार, आणि पोशा मात्र इथे एकटा राहणार. 

खोताचे कारभारी विसाजीपंत. माणूस भला, फक्त जरा हिशेबी. त्यांनी दवंडी पिटवली, ‘जो खांडीत चिखलाचा गोळा टाकेल, त्याला गोळ्यामागे ओंजळभर तांदूळ.’ आता पोट कुणाला नाही? सगळं गाव धावलं. सुरुवातीला मोठी धमाल झाली. मग गोळे लहान व्हायला लागले. आधी कलिंगडाएवढे होते, ते नारळाएवढे झाले, आणि पुढे तर लिंबाएवढे. शिवाय चिखल लांबून कोण आणणार? लोक तो बांधाच्याच पायथ्यातून उपसायला लागले. वरून बांध भरत होता आणि खालून पोखरला जात होता. पंतांनी एका ओंजळीच्या दोन केल्या, तर बांध दुप्पट वेगाने खचला.

शेवटी कोठारातले तांदूळ संपले, आणि खांडीवर कुणी फिरकेना. एरवी बांध फुटला म्हणताच न बोलावता धावणारी माणसंसुद्धा दारात बसून विचारायला लागली, “ओंजळ कुठंय?”

एका सकाळी ओहोटी लागली होती आणि खाडीवर धुकं उतरलं होतं. ठमाबाय एकटीच निघाली. लांब तिवरांच्या झाडीत जाऊन तिने काळा, चिवट चिखल आणला, खांडीच्या पार तळाशी ठेवला आणि टाचेने दाबून बसवला. बघायला कुणी नव्हतं. नाही म्हणायला बांधाजवळच्या डेरेदार भेंडीच्या झाडाखाली हाल्या पडला होता. हा गावातला नामांकित आळशी, जांभईसुद्धा अर्धीच देणारा. त्याचे डोळे मिटलेले होते.

थोड्या वेळाने हाल्या उठला. का उठला ते त्यालाही सांगता आलं नसतं. त्याने एक गोळा आणला आणि खांडीत टाकला. ठमाबायने तो नीट बसलेला पाहिला आणि खाडीभर घुमेल अशी हाक दिली, “हाल्याचा गोळा बसला रं, बसला! पोशाच्या शेतासमोर बसला!”

हाल्याचं नाव आजवर गावाने शिव्या घालायलाच घेतलं होतं. त्याने हातावरचा चिखल झटकला. मग गेला, आधीपेक्षा लांब गेला, आणि आधीपेक्षा मोठा गोळा घेऊन आला.

हाक ऐकून एकेक जण येत गेला. ठमाबाय कुणाला शाबासकी देत नव्हती की बोल लावत नव्हती. गोळा कुणाचा आणि कुठे बसला, एवढंच ती सांगायची. लिंबाएवढा गोळा आला की मात्र ती गप्प राहायची, आणि ते गप्प राहणं फार झोंबायचं. बांधाचा पायथा उपसणं तर कधी थांबलं ते कुणाला कळलंही नाही.

विसाजीपंत घरातलं उरलंसुरलं पोतं घेऊन आले. “ठमाबाई, एवढेच राहिलेत. आता ओंजळी कशा मोजू?”

“मोजू नका, पंत. एका हंड्यात पेज शिजवा. येल त्यानं जेवावं, पोटात आग आसंल तर हात कसं चालतील?”

पेज शिजली. पंतांनी स्वतःही धोतर खोचून एक गोळा टाकला, आणि “पंतांचा गोळा बसला रं!” ऐकून लाजत घरी गेले. पुढे कितीतरी दिवस खाडीवर नावं तरंगत राहिली. बगळे ती नावं ऐकत एका पायावर उभे राहायचे, आणि भरतीचं पाणीसुद्धा हळू यायचं, असं म्हणतात.

पुनवेच्या आदल्या दिवशी खांड बुजली. त्या संध्याकाळी ठमाबायने तोंड उघडलं तर नुसता श्वास आला. तिचा आवाज बांधातच राहिला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी उधाण आलं. पाणी चढता चढता बांधाच्या काठाला लागलं. सगळं गाव बांधावर उभं होतं, आणि तेवढ्यात मातीतून हाक आली, “हाल्या... हाल्या...” मग दुसरं नाव, मग तिसरं. ज्याचं नाव ऐकू येई तो तिथे धावे, आणि तिथेच पाणी झिरपत असे. तो पायाने चिखल दाबून धरी. असा सगळा बांध बोलत होता आणि सगळं गाव धावत होतं.

एका जागेतून मात्र हाक आली नाही. पोशाच्या शेतासमोर, तळातून, पाण्याची धार सुटली होती. तिथे ठमाबायचा पहिला गोळा होता, आणि त्याची हाक कुणी दिलीच नव्हती. ती धावली, धारेला पाठ लावून बसली. ओरडायला आवाज नव्हता. पाणी कमरेला लागलं. तिने शेताकडे पाहिलं आणि मनात म्हणाली, मी काय इथून उठत नाही.

हाल्याची नजर तिच्यावर गेली. “आरं, तो गोळा हिचा! पयला गोळा! मी बघितला व्हता, झोपेचं सोंग घेऊन बघितला व्हता!” आणि आयुष्यात कधी ओरडला नव्हता तसा तो ओरडला, “ठमाबायचा गोळा बसला रं, बसला!”

सगळ्या गावाने ती हाक उचलली. धार बारीक झाली, थांबली. पाणी घटकाभर बांधाला टेकून उभं राहिलं आणि मग आलं तसं मागे फिरलं. ठमाबाय चिखलात बसून रडत होती आणि हसत होती.

आजही माघात शेवरेखारला सगळं गाव बांधावर चिखल घालतं. आधी सगळे मिळून ठमाबायची हाक देतात, मगच हात चिखलात जातात. कुणी स्वतःचं नाव घेत नाही, शेजारच्याचं घेतो. पेज एकाच हंड्यात शिजते. आणि त्या दिवशी एका माणसाला मुद्दाम कामाला लावत नाहीत. त्याला त्याच भेंडीच्या झाडाखाली बसवतात, नुसतं बघायला. कुणाचा गोळा बघितल्यावाचून राहू नये म्हणून.