न टांगलेला पाळणा

शेअर बाजाराचे सल्ले देणारे खर्डेकर सर गावात आले आणि देवीच्या मंडपात त्यांनी भलामोठा फलक लावला. त्यावर नुसते हसरे फोटो. "ही सगळी माझ्या सल्ल्यानं श्रीमंत झालेली माणसं," म्हणाले.

आमच्या ह्यांच्या निवृत्तीचे सगळे पैसे त्या दिवशी सरांकडे जाणार होते. चेकवर सही तेवढी राहिली होती. ह्यांची नजर फोटोंवरून हलेना.

"कुणाला शंका?" सर गुरकावले.

माझ्या थोरल्या जाऊबाई उठल्या. "बुडालेल्यांचे फोटो कुठं आहेत?"

"एवढा पुरावा समोर आहे, तरी विचारता?"

जाऊबाईंनी वर बोट दाखवलं. मंडपाच्या छताला नवसाचे पाळणे लटकत होते. नवस बोलून मूल झालं की तिथं पाळणा बांधायची आमच्याकडे रीत आहे.

"मग हा पुरावा कशाचा, साहेब?"

सरांनी हात जोडले. "देवी सगळ्यांना पावते, याचा!"

"नवस मीही बोलले होते. माझा पाळणा यातला कुठला, तेवढा दाखवा."

जाऊबाईंची कूस उजवली नाही, हे गावाला ठाऊक होतं. सरांना आत्ता कळलं.

"ज्यांचं काही झालं नाही, त्यांचं इथं काही टांगत नाहीत," जाऊबाई म्हणाल्या. "तुमच्या फलकावरही नाही."

ह्यांनी पेनाला टोपण लावलं आणि चेक माझ्या हातात दिला. तेव्हा कुठं माझा जीव भांड्यात पडला.