ठिपक्या पाटात गेला

चांदी मासोळीला झोपच लागेना.
"माझा ठिपक्या पाटात गेला तर? का मी उगाच घाबरते?"
सकाळी बघते तर काय! ठिपक्या पाटात गेलाच.

नदीला बंधारा. बंधाऱ्यापासून निघतो पाट. पाट जातो उसाच्या शेतात.
आई मागोमाग गेली. सुळुक सुळुक!
"आई, बघ! घसरगुंडी!" ठिपक्या मजेत.
पण मागे फिरता येईना. पाटाच्या तोंडाशी धार फार जोराची. आणि संध्याकाळी पाट बंद! मग पाणी नाही, नुसता चिखल.

पाटाच्या कडेला छोटं दार. दारापलीकडे ओढा. ओढा जातो नदीला.
"दारा दारा, उघड ना.
ठिपक्या घरी जाईना!"
"मी का उघडू? भिवादादा माझं चाक फिरवतील, तर उघडेन."

सुळुक सुळुक! भिवादादा पाटकरी काठावर बसलेले.
"भिवादादा, भिवादादा, चाक फिरवा ना.
दार उघडेना,
ठिपक्या घरी जाईना!"
"मी का फिरवू? सगुणाकाकू चहा देतील, तर फिरवेन."

सुळुक सुळुक! सगुणाकाकू भांडी घासत बसलेल्या.
"सगुणाकाकू, सगुणाकाकू, चहा द्या ना.
दादा चाक फिरवीनात,
दार उघडेना,
ठिपक्या घरी जाईना!"
"मी का देऊ? म्हैस दूध देईल, तर देईन."

सुळुक सुळुक! म्हैस पाटातच बसलेली. डुंबुक डुंबुक!
"म्हशीबाई, म्हशीबाई, दूध द्या ना.
काकू चहा देईनात,
दादा चाक फिरवीनात,
दार उघडेना,
ठिपक्या घरी जाईना!"
"मी का देऊ? माझी पाठ खाजतेय. कुणी खाजवेल, तर देईन."

"एवढंच? आधी नाही का सांगायचं!"
आईनं खाजवलं. कुटुकुटु!
ठिपक्यानं खाजवलं. कुटुकुटु!
"आहाहा! अजून जरा डावीकडे!"

मग काय!
म्हशीनं दूध दिलं. चुर्र चुर्र!
काकूंनी चहा दिला. फुर्र फुर्र!
दादांनी चाक फिरवलं. करकर करकर!
दार उघडलं. धबाक!
ठिपक्या घरी गेला. सुळुक सुळुक!

"रोज रोज कोण चाक फिरवणार? माझा चहा गार होतो!" असं म्हणत भिवादादांनी पाटाच्या तोंडाला बारीक जाळी बसवली. आता पाणी जाणार. मासे नाही जाणार.

"हुश्श!" चांदी म्हणाली. "आता झोपू या निवांत."
ठिपक्या जाळीकडे बघत राहिला.
"आई, पण मग म्हैस आपल्याकडे खेळायला कशी येणार?"