राजकन्येच्या पोटात घास ठरेना

एका राज्यात सोन्याने भरलेली कोठारे होती, आणि त्याच राज्याची राजकन्या उपाशी होती. हसू नका, ऐका. राजा धवलकेतूने एकदा कालभृंग जादूगाराला जेवणाच्या वेळी दारातून हाकलले. जादूगाराने राजकन्या शशिलेखेचे मांजर केले.

"हिने खाल्लेले दिवसभर पोटात ठरेल, तेव्हाच ही माणसात येईल," तो म्हणाला. "आणि हिच्यासाठी उचललेले खजिन्यातले सोने कोळसा होईल."

सोन्याला हात लावताच हात काळे झाले. मग राजाने मुकुटातला हिरा विकून सरोवरातला चंदेरी मासा आणला, बाजूबंद विकून डोंगरातला तितर, तलवारीची मूठ विकून रानातला ससा. मोठेपणाची हौस, दुसरे काय. राणी कनकलेखा स्वतः ताट वाढी आणि त्यावर दुधाची धार धरी. आईच्या हातचे दूध पडल्याशिवाय लेकराचे ताट पूर्ण होत नाही, अशी त्या राज्याची रीत होती. मांजर अधाशासारखे खाई, ओकून टाकी आणि अंग रक्ताळेपर्यंत खाजवी. वैद्य दर वेळी नवा पदार्थ सुचवत. लेकीच्या बरगड्या दिसू लागल्या. विकायलाही काही उरले नाही.

राणी बागेत रडत बसली. जांभळीवरची मैना बोलली, "तीन गोष्टी कर. आपल्या कष्टाचे आण. एका वेळी एकच दे. त्यात माया मिसळू नकोस."

राणीने सूत कातले, विकले. त्या पैशांत बोटाएवढे नदीतले मासेच बसले.

"बाईसाहेब, हे तर आम्ही टोपलीच्या तळाशी ढकलतो," कोळीण म्हणाली.

"तेच दे बाई," राणी म्हणाली.

तिने मासे नुसत्या पाण्यात उकडले. मीठ नाही, तूप नाही, मसाला नाही. ताट मांडले आणि सवयीने दुधाचे भांडे उचलले. 'माया मिसळू नकोस' हे मैनेचे शब्द आठवले आणि तिथेच हात थांबला. मासा वेगळा, तितर वेगळा, ससा वेगळा. दूध मात्र प्रत्येक ताटात होते, आणि ते तिनेच घातले होते. मांजराला दूध बाधेल, हे कुणाच्या स्वप्नात तरी येईल का? आशीर्वाद म्हणून आपण लेकीला रोज दुखणे वाढले, या विचाराने ती माउली मुळापासून हलली.

भांडे तिने खाली ठेवले. कोरडे ताट पुढे सरकवताना तिला चोरी केल्यासारखे वाटले.

मांजराने खाल्ले. राणी शेजारी बसून राहिली. ऊन अंगणातून भिंतीवर चढले, भिंतीवरून उतरले. मांजर ओकले नाही, खाजवले नाही, राणीच्या मांडीवर निजले. दिवस मावळता मावळता मांडी जड झाली. राणीने खाली पाहिले, तर शशिलेखा डोळे चोळत होती.

कोठारात कोळशाचे पुन्हा सोने झाले. राजाने जादूगाराला बोलावून, हात जोडून, आपल्या पंगतीला बसवले. राणीला त्यातले काही दिसले नाही. तिची लेक विचारत होती, "आई, अजून थोडे आहे का गं?"

तिचा घास जसा ठरला, तसा तुमच्या घरच्या लेकरांचाही ठरो.