तीन काचा

"सगळे पुढे गेले आणि तुम्ही मात्र तिथेच बसून राहिलात. मास्तर, याचं वाईट नाही वाटत?"

विचारणारा श्रीकर. मुंबईच्या मासिकांतून त्याचे फोटो छापून येत, आणि कोल्हापुरात उतरल्यापासून ही गोष्ट तो ज्याला त्याला सांगत सुटला होता.

जिवबा मास्तर कॅमेऱ्यावरची धूळ पुसत होते. गावातला पहिला रंगीत फोटो त्यांनी काढलेला. एकेकाळी लोक ठेवणीतले फेटे बांधून त्यांच्या दारात ताटकळत बसायचे. पुढे झटपट रंगीत फिल्म आली आणि लोक मास्तरांना विसरले. साफ विसरले.

"वाईट?" मास्तर म्हणाले. "सवडच झाली नाही रे."

"तुमच्यासारखा रंग आज कुणालाच साधत नाही. मलासुद्धा नाही." हे शेवटचं श्रीकरला फार जड गेलं. "मला शिष्य करून घ्या. तुमच्यामागं या काचा जाणार कुणाकडे?"

काचा तीन होत्या. तांबडी, हिरवी, निळी. एकाच माणसाचे तिन्हींतून तीन फोटो घ्यायचे आणि एकावर एक बसवायचे, की रंग उमटायचा.

"देतो की. आधी त्या खुर्चीत बस. हलू मात्र नकोस."

खुर्ची अंगणात होती. तिच्या शेजारी मास्तरांचा म्हातारा कुत्रा खंड्या झोपला होता.

मास्तरांनी तांबडी काच लावली. श्रीकर ताठ बसला.

हिरवी काच...

"एवढ्या वेळात मुंबईत माझे डझनभर फोटो होतात, मास्तर."

मास्तरांनी हिरवी काच उतरवली.

निळी काच... श्रीकरनं हळूच घड्याळात पाहिलं.

फोटो तयार व्हायला आठवडा लागला. श्रीकर लॉजवर चरफडत थांबला. काचांपायी त्यानं हातातलं मोठं काम सोडलं होतं, बिचाऱ्यानं.

शेवटी मास्तरांनी अंगणात बोलावून फोटो त्याच्या हातात ठेवला.

फोटोत श्रीकरला तीन नाकं होती. एक तांबडं, एक हिरवं, एक निळं. चेहरा म्हणावा असं काही नव्हतंच. त्याला रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

"ही पद्धतच सदोष आहे," तो म्हणाला. "उगाच नाही लोकांनी टाकली."

"असेल."

"मग... काचा?"

मास्तरांनी फोटोच्या खालच्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

तिथे खंड्या होता. बदामी अंग, पांढरा गळा, कानाची गुलाबी कड... सगळं जिथल्या तिथे. असा रंग श्रीकरला जन्मात साधला नव्हता.

तो बराच वेळ बघत राहिला. मग त्यानं मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकलं.

"मी... पुन्हा बसू?"

मास्तरांनी अंगणातल्या खुर्चीकडे पाहिलं. खंड्या अजून तिथेच होता.

"बस. पण जरा हळू... गुरू झोपलेत."