टीव्हीला सुटेल अशी गाठ

एकदा एका बाजारपेठेच्या गावी एक वृद्ध गृहस्थ लोकांच्या घरगुती टेप संगणकावर उतरवून देत असत. लग्ने, बारशी, डोहाळजेवणे. ज्या टेप चालवायला आता कोणाकडे यंत्रच उरले नव्हते, त्या सगळ्या त्यांच्याकडे येत. त्यांच्या हाताखाली ओजस नावाचा शिष्य होता. मुलगा हुशार होता, आणि हे त्याला स्वतःला जरा लवकरच कळले होते.

एक कापडाचा व्यापारी बहिणीच्या लग्नाची टेप घेऊन आला. त्याचे वडील जाऊन वर्ष होत आले होते आणि त्यांचे हलते-बोलते चित्र त्या टेपवर होते तेवढेच. "वर्षश्राद्धाला आईला दाखवायचंय," तो म्हणाला. "त्यांचा आवाज ऐकायचा म्हणून दिवस मोजतेय ती."

गुरुजी तेव्हा परगावी होते. ओजसने काम अगदी जीव ओतून केले. चित्र ताणून मोठे केले, सर्वांत नवा कोडेक निवडला, दर्जाचा आकडा जाईल तितका वर नेला. संगणक दिवसभर तापत राहिला. पेनड्राइव्ह देताना तो म्हणाला, "शेठ, याहून चांगलं तुम्हाला कुठेही मिळणार नाही."

श्राद्धाच्या दुपारी, पाने उठल्यावर, व्यापाऱ्याचा फोन आला. टीव्हीवर काळा पडदा होता आणि फाइल चालत नाही अशी एक कोरडी ओळ. मागून त्याच्या आईचा आवाज ऐकू येत होता, "राहू दे रे. हे अजून रुसलेत वाटतं माझ्यावर." ओजसचा चेहरा खर्रकन उतरला. आदल्याच दिवशी परतलेल्या गुरुजींनी लॅपटॉप उचलला आणि दोघे त्या घरी गेले.

ओजसने तीच फाइल लॅपटॉपवर लावली. मांडव दिसला, सनई वाजू लागली. म्हातारी सतरंजीवरून पुढे सरकली. तेवढ्यात गुरुजींनी हात लांबवून चित्र थांबवले. "आई, जरा दम धरा," ते म्हणाले, आणि त्यांनी नवी प्रत काढायला घेतली. चित्र मूळ टेपएवढेच लहान, कोडेक जुना, सगळीकडे चालणारा, आणि साधी एमपी-फोर फाइल.

ओजसला राहवेना. "गुरुजी, समोर चाललेलं बंद करून कमी दर्जाचं कशाला बनवताय? त्या बिचाऱ्या ताटकळल्यात."

गुरुजी हळूच म्हणाले, "अरे, हा लॅपटॉप आपल्याबरोबर परत जाणार. पाहुणेही जातील. मग एखाद्या दुपारी, घरात कोणी नसताना, यांना यजमानांना बघावंसं वाटलं, तर तुला बोलावणं धाडायचं का? कोडेक म्हणजे चित्राचं गाठोडं बांधायची रीत. तू बांधलंस झकास, पण ती गाठ या जुन्या टीव्हीला सुटते का, हे विचारलं नाहीस. आणि दर्जाचं म्हणशील, तर आडातच नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? टेपवर चित्र आहे ते एवढंच. ताणून वाढतं थोडंच! मूळ उतरवलेली प्रत आपण जपून ठेवू, तिला धक्का लावायचा नाही. पण द्यायची वस्तू घेणाऱ्याची ओंजळ बघून द्यावी. आपली ऐपत दाखवायला देऊ नये."

ओजसला हे बोल लागले. त्याने मान वळवली, तर म्हातारी रिमोट मांडीवर धरून बसली होती. रोजच्या मालिका ती आपल्या हाताने लावत असे. तो रिमोट पाहिल्यावर त्याचा राग कुठल्या कुठे गेला. नवी प्रत तयार होताच त्यानेच पेनड्राइव्ह टीव्हीला लावला आणि तो बाजूला झाला.

म्हातारीने बटण दाबले. चित्र जरा धूसरच होते. लग्नाची पंगत चालली होती, आणि फेटा बांधलेले एक गृहस्थ जिलबीचे ताट घेऊन पानांमधून फिरत होते. कॅमेऱ्यासमोरून जाता जाता ते थबकले आणि कोणाला तरी म्हणाले, "अरे, हिचं जेवण झालं का बघा रे कुणीतरी. सकाळपासून उभी आहे ती."

म्हातारीने चित्र मागे नेले आणि पुन्हा ऐकले. तिला रडू आवरेना. पदराने डोळे पुसून ती टीव्हीकडे बघत म्हणाली, "झालं हो. आत्ताच झालं."