कोंडघळीची हाक

कोंडघळीच्या तोंडाशी, कड्याला पाठ लावून उभं असलेलं ते दगडी घर म्हणजेच आताचं हॉटेल. इथली आमटी अळणी. मिठाचं वाडगं मधोमध ठेवलेलं असतं. पाहुणे तोंड वाकडं करतात, तेव्हा हॉटेलचे म्हातारे मालक धोंडूआप्पा म्हणतात, "अहो, मीठ आहे, हात आहेत. आणि घाई कसली? आधी हाक होऊ द्या."

त्या हाकेचं असं सांगतात.

फार पूर्वी या घरात जानू गवळी, त्याची बायको ठकूबाई आणि त्यांचा लहानगा मुलगा राहत. जानू म्हशी चारायला वर सड्यावर, कड्यामाथ्याच्या पठारावर जायचा. पावसाळ्यात घळीत धुकं असं कोंडतं, की स्वतःचा हात दिसू नये. म्हणून भाकऱ्या झाल्या की ठकूबाई ओट्यावर येऊन हाक घालायची, "जेवायला या हो!" हाकेच्या रोखाने जानू कडा उतरायचा.

एके सकाळी आमटी खारट झाली. "समुद्र ओतलास की काय?" म्हणत जानूने ताट सारलं नि तो निघून गेला. ठकूबाईला ते झोंबलं. दुपारी धुकं पार उंबऱ्यापर्यंत आलं, पण तिचा राग जाईना. "आज नाही मारायची हाक. पोटात कावळे ओरडले की येईल झक मारत."

म्हशी आल्या. जानू तिसऱ्या दिवशी घळीच्या तळाशी सापडला.

ठकूबाई रडली नाही, म्हणे. सुन्न झाली. चुलीतलं जळतं लाकूड लागलं तरी हात मागे घेईना. सुतक फिटलं त्या दुपारी ती ओट्यावर आली आणि तिने हाक घातली. धुक्यात वाट चुकलेले दोन वाटसरू हाकेमागोमाग दारात आले. तिने दोघांची तोंडं पाहिली. "हात धुवा," म्हणाली, आणि जानूच्या वाटणीचं वाढलं. मीठ मात्र घातलं नव्हतं. तिच्या जिभेची चवच गेली होती. "मला कळत नाही, तुमचं तुम्ही घ्या."

मग रोज हाक, रोज कुणी ना कुणी पानावर. मुलगा मोठा झाला, सून आली. सुनेने एकदा धीर करून विचारलं, "आत्याबाई, आता कोण यायचंय?"

"कुणी नाही गं. हाक मारायची माझी राहिलीय."

आजही हाक झाल्याशिवाय इथे पहिलं ताट वाढत नाहीत. आणि धुकं असलं, की घरातलं कुणीतरी पंगत उठेपर्यंत ओट्यावर हाका घालत उभं राहतं, आत बसायला जागा नसली तरी.