पुजलेल्या डेऱ्याची कहाणी

ऐका राखणमाते, तुझी कहाणी. एक होतं आटपाट नगर, नगराखालून नदी, नदीकाठी पेठ. पेठेत एका शेट्याचं घर होतं. त्या घरची सून उमाई. घर भरलेलं, अंगण सारवलेलं, पोटी एकच लेक, मैना नावाची, पाच वर्षांची. उमाईचा सगळा जीव त्या लेकीत.

नगराचा एक वसा होता. ज्येष्ठातला पहिला शनिवार यावा, घरोघरी नवा डेरा आणावा. पाणी खळखळ उकळावं, निववावं, डेऱ्यात भरावं, तोंडाला धुतलेलं फडकं बांधावं. शेजारी गूळ ठेवावा, मीठ ठेवावं. मग तीन घरी जावं, तीन गोष्टी पुसाव्या. घरात माणसं किती? अंथरुणावर कोण? हाक आली तर धावेल कोण? आठ दिवस झाले, की डेऱ्यातलं पाणी वाटसराला पाजावं, डेरा घासावा, पुन्हा भरावा. दिवाळीपर्यंत असं करावं. उतू नये, मातू नये, डेरा शिळा ठेवू नये.

उमाईनं काय केलं? डेरा आणला, तो सगळ्यांत मोठा. भरला. मग तिच्या मनात आलं, राखणमातेचा डेरा, तो असा उघडाबोडका कसा ठेवावा? हळद लावली, कुंकू लावलं, आंब्याचा डहाळा खोवला, तोंडावर नारळ ठेवून कणकेनं लिंपून टाकलं. सकाळी फूल, संध्याकाळी दिवा. पुजलेल्या डेऱ्याला मग हात कोण लावणार? शेजारणी पाहायला येत, "काय बाई हिची हौस!" म्हणत, घरी जात, आपलेही डेरे लिंपून टाकीत. उमाईला बरं वाटे. बायांनो, आपल्यालाही वाटलंच असतं. आणि तीन घरी पुसायला? "शेट्याच्या सुनेनं दारोदार हिंडायचं होय?" म्हणाली, ती गेलीच नाही.

पुढच्या शनिवारी दारी एक म्हातारी आली. "बाई बाई, डेऱ्यातलं घोटभर पाणी दे." उमाई म्हणाली, "आजी, तो पुजलेला आहे. आडाचं देते." म्हातारी गेली. त्याच्या पुढच्या शनिवारी आली, तेच मागितलं, तेच ऐकलं. तिसऱ्या शनिवारी आली नि म्हणाली, "बाई, पुजलास खरा. कुणाला पाजलास का?" उमाईला राग आला. तिनं दार लोटून घेतलं.

मग आषाढ लागला. नदी फुगली, गढूळ पाणी आडात उतरलं. नगरात पटकीची साथ आली. आज या आळीत दोघं पडली, उद्या त्या आळीत चौघं. उमाईचा नवरा, सासूसासरे नदीपलीकडं सोयऱ्यांकडं गेलेले. होड्या बंद झाल्या, ते तिकडंच अडकले. घरात राहिली उमाई नि मैना.

एके दिवशी उजाडता उजाडता मैनेला ढाळ लागले, ओकाऱ्या लागल्या. सूर्य कासराभर वर येईतो पोरीचे डोळे खोल गेले. "आई, पाणी," म्हणाली. आडाचं पाणी द्यायची छाती होईना. उमाई डेऱ्यापाशी गेली, हात जोडले, कणीक फोडली. नारळ सडला होता. पाण्यावर हिरवा तवंग, आत अळ्या वळवळत होत्या. उमाईनं कपाळ बडवून घेतलं.

मग तिनं पोर खांद्यावर टाकली नि निघाली. सोनारणीच्या दारी गेली, दार उघडेना. कासारणीच्या दारी गेली, तिचा डेरा तसाच लिंपलेला, आत तशाच अळ्या. तेलिणीच्या दारी गेली. ती म्हणाली, "माझाच नवरा पडलाय गं, मी कुणाला हाक मारू?" कुणालाच ठाऊक नव्हतं, की हाक कुणाला मारायची. मग उमाई रडत रडत कुंभारआळीत शिरली.

सगुणा कुंभारीण दारातच होती. ती म्हणाली, "आण ती पोर इकडं." उमाई म्हणाली, "सगुणाबाई, मी कधी तुमची पायरी..." सगुणा म्हणाली, "ते मागनं बोल. आधी पोर."

डेऱ्याचं फडकं सुटलं. तांब्याभर पाणी घेतलं, गुळाची लहान मूठ टाकली, तीन बोटांची मिठाची चिमूट टाकली. सगुणेनं चाखून पाहिलं, डोळ्यांतल्या पाण्याहून खारट नाही ना. मग पळीपळीनं पाजलं. पोर ओकली, सगुणा थोडी थांबली, पुन्हा पाजलं. तोवर आळीतल्या एकीनं चूल पेटवून आणखी पाणी ठेवलं. एकीनं घाणीचे कपडे विहिरीपासून लांब नेऊन उकळले. एक वैद्याकडं धावली. कुणी कुणाला सांगितलं नाही, कुणी कुणाला पुसलं नाही.

वैद्यबोवा आले, मात्रा दिली, म्हणाले, "पाणी थांबवू नका." तिसऱ्या प्रहरी मैनेनं सगुणेचं लुगडं भिजवलं. सगुणा हसली, "अंगात पाणी ठरलं, वाचली गं पोर." सगळी आळी हसली. पोरीच्या मुताचं एवढं कौतुक त्या नगरात कधी झालं नव्हतं.

उमाईच्या डोळ्यांना धार लागली. तिनं पुसलं, "कुणी काय करायचं, हे तुम्हाला कळलं कसं?" सगुणा म्हणाली, "ज्येष्ठातच ठरवलं होतं. दुखणं दारात आल्यावर ठरवायला बसलं, तर बसल्या जागी माणूस जातं."

उमाईनं हातातल्या पाटल्या काढल्या, पुढं ठेवल्या. सगुणेनं त्या मागं सारल्या. "पाटल्या नकोत. वैद्याकडं धावायचं काम आमच्या गोदाक्काचं. तिची साठी उलटली, गुडघे गेले. ते काम तू घेशील?" उमाईनं वळून पाहिलं. ओसरीवर गोदाक्का सुजलेले गुडघे शेकत बसली होती. याच पायांनी ती सकाळी धावली होती. उमाईनं तिथंच वाकून ते पाय धरले. "घेते," म्हणाली. "जन्मभर घेते."

मग ती घरी आली. डेरा रिता केला, घासला, उकळून भरला. पेठेत तीन घरी गेली. "मी चुकले, माझं पाहून तुम्ही चुकलात," म्हणाली, आणि तीन गोष्टी पुसल्या. त्या तिघी आणखी तीन तीन घरी गेल्या. पेठेतले डेरे उघडले, आड उपसला, चुना टाकला. हळूहळू साथ ओसरली. नदी उतरली, घरची माणसं घरी आली, त्यांना मैना अंगणात खेळताना दिसली.

भाद्रपदात सगुणा स्वतःच पडली. भर दुपारी पेठेत हाक आली. उमाई भरल्या ताटावरून उठली, पदर खोचला, अनवाणी धावत सुटली. सासू म्हणाली, "अगं, चपला तरी!" तोवर ती वळणापलीकडं गेली होती. वैद्यबोवा वेळेत आले. दुसऱ्या दिवशी सगुणेनं डोळे उघडले, क्षीण आवाजात पुसलं, "कोण धावलं गं?" गोदाक्का म्हणाली, "आपली उमाई."

राखणमाते, जसं तू मैनेला राखलंस, सगुणेला राखलंस, तसं सांगणारीला राख, ऐकणारीला राख, न आलेल्या शेजारणीलाही राख. साठ घरांची ही कहाणी, पाच जणींच्या मुखी सुफळ होवो, संपूर्ण होवो.